सहा जूनच्या सकाळचं स्पिटफायर

मॉडेल विमानाचं किट जोडून झालं नोव्हेंबरात आणि रंगाला हात लागला फेब्रुवारीत. मधले महिने ते विमान कपाटावर पडून होतं. करडं प्लॅस्टिक, जोडांवर पुट्टीचे पांढरे डाग. मी येता-जाता त्याच्याकडे बघायचे आणि दुसरं काहीतरी काम काढायचे. जोडणीत काही बिनसलं तर पुट्टी भरता येते, घासून काढता येतं. रंगात मात्र एकदा घोळ झाला की सगळं संपलं, अशी धास्ती मनात बसली होती. त्यात एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारा पेनासारखा ब्रश, आयुष्यात कधी हातात धरलेला नव्हता.

आता एप्रिल संपता संपता विमान पुरं झालंय. कुठे किती थांबावं लागलं, पैसे कुठे गेले, कुठली भीती खरी निघाली आणि कुठली फुकाची, हे विसरायच्या आत लिहून ठेवते. कुणाचं विमान असंच कपाटावर अडकलं असेल तर उपयोग होईल.

विमान आहे सुपरमरीन स्पिटफायर मार्क ९, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, प्रमाण १/४८. खऱ्या विमानाच्या पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत ११.२३ मीटर. मॉडेलची साधारण साडेतेवीस सेंटिमीटर, म्हणजे दोन हातांत नीट मावतं. जर्मनांच्या फोक-वुल्फ १९० ने ब्रिटिशांच्या नाकी नऊ आणले तेव्हा घाईने पुढे आणलेली ही आवृत्ती, १९४२ च्या उन्हाळ्यात सेवेत आलेली. किटमध्ये तीन-चार विमानांच्या खुणांचे पर्याय होते. त्यातला मी जून १९४४ चा निवडला, तो काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांसाठी.

हे पट्टे नॉर्मंडीच्या स्वारीच्या वेळचे, ६ जून १९४४ ला दोस्तांच्या फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या तेव्हाचे. आदल्या वर्षी, जुलै १९४३ मध्ये सिसिलीवर उतरताना दोस्तांच्याच जहाजांनी आणि तोफांनी आपलीच वाहतुकीची विमानं पाडली होती. तसं पुन्हा होऊ नये म्हणून स्वारीच्या हवाई दलांचे प्रमुख एअर चीफ मार्शल ट्रॅफर्ड ली-मॅलरी यांनी मे १९४४ मध्ये या पट्ट्यांना मंजुरी दिली. पांढरा, काळा, पांढरा, काळा, पांढरा असे पाच पट्टे, पंखांवर आणि शेपटीच्या पुढे धडाभोवती. एक इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंच रुंद, दोन इंजिनांच्या विमानावर २४ इंच. गुपित फुटू नये म्हणून रंगवायचा हुकूम अगदी शेवटी, ३ आणि ४ जूनला निघाला. मग तळातळांवर जमिनीवरची माणसं ब्रश घेऊन कामाला लागली. जुने फोटो पाहिले तर कडा वाकड्यातिकड्या दिसतात, काही ठिकाणी ब्रशचे फराटे दिसतात. महिन्याभरातच वरच्या बाजूचे पट्टे पुसायला सांगितलं गेलं आणि वर्षअखेरपर्यंत ते विमानांवरून पूर्ण गेले.

हे वाचल्यावर माझी खरी अडचण सुरू झाली. मॉडेलवाल्यांची नेहमीची पद्धत अशी, की पांढरा रंग सगळ्यात आधी मारायचा, टेप लावायची, काळे पट्टे मारायचे, ते झाकायचे आणि मग हिरवा-करडा रंग. पांढरा रंग गडद रंगावर चढत नाही, म्हणून सोयीचं तेच. पण त्याने पट्टे आणि विमान एकाच वयाचे दिसतात. प्रत्यक्षात ६ जूनच्या सकाळी त्या विमानावरचा मूळ रंग कित्येक महिने ऊन, पाऊस, तेल आणि बुटांच्या टाचा खाऊन बसलेला होता, आणि पट्टे जेमतेम दोन दिवसांचे होते. मळलेल्या विमानावर कोरे पट्टे. हे दाखवायचं तर पट्टे शेवटी मारायला हवेत, तेही ब्रशने, सगळं काम झाल्यावर. पुढचा सगळा क्रम या एका निर्णयाने ठरला.

आता पैशांचं. किटची किंमत एकूण खर्चातला लहान वाटा आहे, हे आधीच मान्य करून टाका म्हणजे नंतर वाईट वाटत नाही. सगळ्यात मोठा खर्च कॉम्प्रेसरचा. टाकी असलेला घ्या. टाकी नसेल तर हवा ठोके देत येते आणि रंगही तसाच पडतो. पाणी अडवणारा ट्रॅप हवाच, नाहीतर दमट दिवसात नळीत जमलेलं पाणी थेंबाथेंबाने पंखावर येतं. त्याखालोखाल एअरब्रश. मी ०.३ मिलिमीटर सुईचा डबल-ॲक्शन घेतला: खटका दाबला की हवा, मागे ओढला की रंग. तिसरा खर्च रेस्पिरेटरचा, आणि इथे काटकसर करू नका. कापडी मास्क धूळ अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. कार्बन फिल्टरचाच हवा, आणि खिडकी उघडी हवी. चौथी गोष्ट चांगली मास्किंग टेप. स्टेशनरीतली टेप कडेखालून रंग गळू देते आणि निघताना चिकट माग सोडते. बाकी सगळं घरातलं चालतं: ड्रॉपर, रिकाम्या बाटल्या, दात कोरायच्या काड्या, प्लॅस्टिकचे चमचे.

चमचे ढीगभर लागतात. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा माझा चमच्यांवर रंग फवारून बघण्यातच गेला. रंग किती पातळ करायचा याचं उत्तर सगळे एकच देतात, पाणी घातलेल्या दुधाइतका. पण ते डोळ्याला कळायला वेळ लागतो. बाटलीच्या कडेवर रंग ओढून पाहायचा. पातळ पडदा राहून तो सावकाश खाली उतरला तर बरोबर, लगेच पाण्यासारखा पळाला तर थिनर जास्त. टामिया कंपनीच्या ॲक्रिलिकला त्यांचंच एक्स-२०ए थिनर वापरलं, रंगाएवढंच किंवा थोडं जास्त, आणि हवेचा दाब १५ ते १८ पीएसआय ठेवला. अंतर सहा-सात सेंटिमीटर. लांबून मारलं की रंग हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. फार जवळून मारलं की कोळ्याच्या पायांसारख्या रेषा फुटतात. दोन्ही प्रकार चमच्यावर मुद्दाम करून पाहिले, म्हणजे विमानावर सुरू व्हायच्या आत ओळखता यावेत. एक गोष्ट कुणी आधी सांगितली नव्हती: फवारा चालू करायचा तो वस्तूच्या बाहेर, आणि बंद करायचा तोही पलीकडे गेल्यावर. थेंब पडायचे ते हवेत पडतात.

एक कंपनी सगळ्या बाबतीत वापरायची गरज नाही, पण रंगांची जात ओळखून ठेवा. वालेहोसारख्या निव्वळ पाण्याच्या ॲक्रिलिकमध्ये लॅकर थिनर घातलं की त्याचा चिकट गोळा होतो. आणि एनॅमलवर लॅकर मारला तर खालचा थर सुरकुततो. तीव्र थिनरचा रंग खाली, सौम्य थिनरचा वर, एवढं लक्षात ठेवलं की निम्मे अपघात टळतात.

कॉकपिट जोडणीच्या वेळीच रंगवून बंद केलं होतं, त्यावर वेगळं लिहीत नाही. विमान आधी भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धुतलं. साच्यातून सुटताना लागलेला तेलकटपणा आणि आपल्या बोटांचा घाम दोन्ही जायला हवेत. नंतर हात लावायचा तो हातमोजे घालून. काचेच्या झाकणाच्या चौकटी सोडून बाकीची काच टेपने झाकली. चौकटीवर पहिला हात कॉकपिटच्या आतल्या करड्या-हिरव्या रंगाचा मारला, कारण काचेतून आत डोकावलं की चौकटीची आतली बाजू दिसते आणि ती त्याच रंगाची दिसायला हवी. बाहेरचा रंग त्यावर.

प्राइमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, करडा. प्राइमरचं खरं काम चुगली करणं हे आहे. प्लॅस्टिक आणि पुट्टी असे दोन रंग असतात तोवर जोड दिसत नाहीत. एकसारखा करडा झाला की पंखाच्या मुळाशी बारीक फट, नाकाच्या वरच्या जोडावर घासल्याच्या चऱ्या, सगळं उघडं पडतं. पुन्हा पुट्टी, पुन्हा हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, पुन्हा प्राइमर. या फेऱ्यांना कंटाळू नका. पुढे कितीही सुंदर रंग मारला तरी खालची फट झाकली जात नाही, उलट वॉशने, म्हणजे रेषांत सोडायच्या पातळ गडद रंगाने, ठळक होते. मग एक दिवस नुसतं वाळू दिलं. वाळलं की नाही याची साधी खूण म्हणजे नाक: जवळ नेऊन वास येत असेल तर आतून अजून ओलं आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी रंग सुरू झाला. पिवळा आणि फिकट हिरवट 'स्काय' आधी, कारण तेही गडद रंगावर चढत नाहीत. तोफेच्या बाहेरच्या बाजूला पंखाच्या पुढच्या कडेला पिवळी पट्टी असते, तिच्याखाली पांढरा हात मारून मग पिवळा. शेपटीपुढचा पट्टा आणि नाकावरचा स्पिनर, म्हणजे प्रोपेलरच्या मधली टोपी, स्काय रंगाचे. ते झाकून पोटाला मीडियम सी ग्रे, टामियाचा एक्सएफ-८३. वरच्या बाजूला ओशन ग्रे म्हणजे एक्सएफ-८२ आणि डार्क ग्रीन म्हणजे एक्सएफ-८१. १९४१ च्या ऑगस्टपर्यंत या लढाऊ विमानांवर करड्याच्या जागी मातकट तपकिरी असायचा. लढाई इंग्लिश खाडीपलीकडे सरकली, विमानं पाण्यावरून उडायला लागली, तशी करडी छटा आली. सुरुवातीला तयार ओशन ग्रे पुरेसा नव्हता, तेव्हा सात भाग मीडियम सी ग्रे आणि एक भाग काळा असं मिश्रण करून वापरायला सांगितलं होतं. म्हणून 'बरोबर छटा कुठली' या वादात मी फार पडले नाही. त्या काळी तळावरसुद्धा बादलीगणिक फरक पडत असणार.

प्रत्येक रंगात किंचित पांढरा मिसळला. एवढ्या लहान वस्तूवर बाटलीतला रंग जसाच्या तसा मारला तर तो वास्तवापेक्षा गडद वाटतो. काळ्याच्या बाबतीत तर हे फार जाणवतं. शुद्ध काळा मॉडेलवर भोक पडल्यासारखा दिसतो, म्हणून पुढे पट्ट्यांनाही मी गडद करडाच वापरला.

हिरव्या-करड्याची सीमा हा मला सर्वात अवघड वाटणारा भाग होता, आणि तोच सर्वात सोपा निघाला. खऱ्या विमानावर फवाऱ्याची कड इंचभर विरलेली असली तर १/४८ मध्ये ती अर्धा मिलिमीटर होते. टेप लावली तर कड चाकूने कापल्यासारखी येते, मोकळ्या हाताने मारलं तर फार पसरट. मधला मार्ग म्हणजे ब्लू-टॅकच्या, म्हणजे कागद भिंतीला चिकटवायच्या मऊ गोळ्याच्या, बारीक वळ्या. वळी सीमेवर ठेवायची, दाबायची नाही, बाहेरचा भाग टेपने झाकायचा आणि फवारा बरोबर वरून, काटकोनात मारायचा. तिरका मारला की रंग वळीखाली शिरतो. वळ्या ठेवायला अख्खी संध्याकाळ गेली, रंग मारायला अर्धा तासही नाही. काढताना मनाची जी घालमेल होते ती कुणी टाळू शकत नाही. रंग मारून लगेच काढू नका असं सांगतात. माझा अनुभव उलट आहे: वळ्या तासाभरात काढल्या तर कड स्वच्छ येते, रात्रभर ठेवल्या तर तेलकट माग राहतो.

मग चमकदार वॉर्निश, टामियाचं एक्स-२२, पातळ हात, मध्ये अंतर ठेवून. शेवटी विमान खेळण्यासारखं चकाकायला लागतं आणि आपण सगळं घालवलं असं वाटतं. वाटू द्या. डिकल म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची खुणांची चित्रं, ती गुळगुळीत पृष्ठभागावरच नीट बसतात. खरखरीत मॅट रंगावर लावली तर खाली हवा अडकते आणि चित्राचा पारदर्शक भाग चांदीसारखा चमकतो. वॉर्निश पुरतं दोन दिवस वाळू दिलं.

डिकलसाठी कोमट पाणी, चिमटा, आणि दोन बाटल्या: लावण्याआधी मायक्रो सेट, बसल्यावर मायक्रो सोल. सोल लावल्यावर चित्र सुरकुततं. बघून पोटात गोळा येतो, बोट आपोआप तिकडे जातं. अजिबात लावायचं नाही. त्या वेळी ते इतकं मऊ झालेलं असतं की स्पर्शाने फाटतं. अर्ध्या तासात ते आपणहून ताणून पॅनेलच्या रेषांत बसतं. पंखांवर वरच्या बाजूला लाल-निळी वर्तुळं, खाली पांढऱ्यासकटची, धडावर बाहेर पिवळं बारीक कडं असलेली. स्काय रंगाची अक्षरं, आणि मग ते छोटे तांत्रिक शिक्के, ज्यांच्यावरची अक्षरं वाचायला भिंग लागतं. एका बैठकीत सगळे लावायचा हट्ट करू नका. पंखाची एक बाजू, मग उठायचं. पंखातल्या मशीनगनच्या तोंडांवर लाल कापडी चिकटपट्ट्या असायच्या, आत धूळ जाऊ नये आणि उंचावर बंदुका गारठू नयेत म्हणून. किटमध्ये त्यांची डिकल होती, ती मात्र लावायला मजा आली.

डिकल वाळल्यावर पुन्हा वॉर्निशचा हात, आणि इथून वय वाढवायचं काम. पॅनेलच्या रेषांत पातळ एनॅमल वॉश सोडला: वर गडद तपकिरी, पोटाला मध्यम करडा. काळा वॉश टाळा. सगळ्या रेषा सारख्या काळ्या झाल्या की विमान फरशी घातल्यासारखं दिसतं. खऱ्या विमानाचे जोड थोड्या अंतरावरून दिसतही नाहीत. वॉश अर्धवट वाळला की व्हाइट स्पिरिटने जेमतेम ओल्या केलेल्या कापसाच्या काडीने पुसायचा, हवा ज्या दिशेने वाहते त्या दिशेने, म्हणजे पुढून मागे. राहिलेले डाग मग धावपट्टीवरच्या मळासारखे मागे ओढले जातात.

रंगाचे टवके कुठे उडवायचे, याला थोडा अभ्यास लागला. वैमानिक डाव्या बाजूने चढायचा, कॉकपिटचं दार तिकडेच. त्यामुळे डाव्या पंखाच्या मुळाशी झीज जास्त, उजवीकडे कमी. इंजिनाच्या झाकणांचे स्क्रू रोज उघडले जायचे, तिथे बारीक चंदेरी ठिपके. रडरवर, म्हणजे शेपटीच्या उभ्या सुकाणूवर, मात्र एकही चंदेरी टवका नाही, कारण तो कापडाने मढवलेला. आणि प्रोपेलर! चारही पात्यांच्या कडा चंदेरी केलेली कितीतरी मॉडेल दिसतात. या विमानाच्या रोटोल प्रोपेलरची पाती दाबून घट्ट केलेल्या लाकडाची होती. लाकूड चंदेरी कसं होईल? पात्यांची टोकं तेवढी पिवळी, खऱ्यावर चार इंच, मॉडेलवर दोन मिलिमीटर. टवक्यांसाठी फोमचा तुकडा, त्याला रंग लावून जवळजवळ सगळा कागदावर टिपून टाकायचा आणि उरलेला हलकेच टेकवायचा. थांबायला हवं त्याच्या दोन टवके आधी थांबा.

एक्झॉस्टचे डाग एअरब्रशने, तपकिरी आणि करड्याचं फार पातळ मिश्रण, दाब कमी करून, नळ्यांच्या मागे धडावरून. त्यावर मध्यभागी फिकट करडा. पोटावर मर्लिन इंजिनाच्या तेलाचे ओघळ तैलरंगाने काढले. हे तैलरंग सावकाश वाळतात, कित्येक दिवस घेतात. त्या दिवसांत खोक्याखाली झाकून ठेवलं, कारण ओल्या तैलरंगाला धूळ फार प्रिय.

मार्चच्या अखेरीस सॅटिन वॉर्निशने सगळं बंद केलं. या क्षणी विमान पूर्ण होतं. देखणं होतं. आणि आता त्यावर ब्रशने पांढरा रंग फासायचा होता.

दोन-तीन दिवस मी पट्टे न मारण्याची कारणं शोधत होते. पट्टे नसलेलं मे महिन्यातलं विमान म्हणूनही चाललं असतं. पण खुणांचा कागद, वाचन, सगळा क्रम त्या पट्ट्यांसाठी होता. शेवटी जुन्या अर्धवट मॉडेलचा एक पंख शोधला, त्याला तेच थर दिले आणि आधी त्याच्यावर हात साफ केला. तिथे दोन गोष्टी कळल्या. टामियाचा ॲक्रिलिक ब्रशने मारायला कठीण, दुसरा हात पहिल्याला उचलतो. वालेहो कंपनीसारखा पाण्याचा ॲक्रिलिक त्यासाठी बरा. आणि हिरव्यावर थेट पांढरा कधीच झाकत नाही. आधी फिकट करडा, मग किंचित मळकट पांढरा, प्रत्येक हात अगदी पातळ आणि मधे पूर्ण वाळलेला.

१८ इंच म्हणजे १/४८ मध्ये साडेनऊ मिलिमीटर. कागदाची साडेनऊ मिलिमीटर रुंद पट्टी कापून तिने मऊ पेन्सिलीने रेषा आखल्या. वर्तुळं झाकायची नाहीत असा नियमच होता, त्यामुळे पट्टे त्यांच्या आतल्या बाजूला येतात आणि तोफेच्या उंचवट्यावरून जातात. धडावर स्काय पट्ट्याच्या पुढे. विमानाचा क्रमांक नेमका तिथेच असतो. जुन्या काही फोटोंत रंगवणाऱ्याने क्रमांकाभोवती चौकोन सोडलेला दिसतो, तसाच मीही सोडला. टेप फक्त बाहेरच्या दोन कडांना लावली, तीही आधी हाताच्या पाठीवर दोन-तीनदा चिकटवून चिकटपणा कमी करून, नाहीतर निघताना डिकल घेऊन येते. आतल्या कडा मोकळ्या हाताने. सपाट ब्रश, पंखाच्या पुढून मागे. पहिला करडा हात भयंकर दिसला, खालून हिरवा डोकावत होता, फराटे वेगळे. दुसऱ्याने बरा. पांढरा चढत गेला तसे फराटे निवळले, पण पूर्ण गेले नाहीत, आणि तेच हवं होतं. काळे पट्टे एका संध्याकाळी झाले. कड एका जागी जरा बाहेर गेली तिथे मी ती सरळ केली नाही. ४ जूनला कुणी केली असती?

टेप निघाली तेव्हा पंखावर जे दिसलं ते मला हवं होतं तेच होतं: टवके उडालेला, तेलकट झालेला हिरवा, आणि त्याला लागून कोरा पांढरा. पट्ट्यांवर वॉश नाही, टवके नाहीत. फक्त डाव्या पंखाच्या मुळाकडच्या कडेला बुटांचा थोडा मातकट रंग, कारण दोन दिवसांत माणूस चढणारच.

मॅट वॉर्निशला मी सगळ्यात जास्त घाबरत होते. हवा दमट असली किंवा बाटली नीट ढवळली नसली तर ते पांढुरकं सुकतं आणि सगळं विमान भुरकट होतं. बाटली कोमट पाण्यात ठेवून खूप वेळ ढवळली, हवा कोरडी असलेला दिवस निवडला, आधी काळ्या चमच्यावर मारून वाळेपर्यंत थांबले. पांढुरकं झालं तर काळ्यावर लगेच दिसतं. चमचा स्वच्छ राहिला, मगच विमानावर, दोन पातळ हात. तासाभरात चकाकी गेली आणि रंग एकमेकांत मिसळून बसले.

राहिलेली किरकोळ कामं. काचेवरची टेप लाकडी काडीने उचलली, धातूच्या टोकाने ओरखडा जातो. काच चिकटवायला पांढरा गोंद. सुपरग्लूच्या वाफेने काच आतून धुरकटते. पंखांच्या टोकांचे दिवे डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, पारदर्शक रंगाचा एकेक थेंब. कॉकपिटमागच्या खांबापासून रडरपर्यंत रेडिओची तार ओढायची तयारी केली होती, पण १९४४ पर्यंत या विमानांत व्हीएचएफ रेडिओ आले होते आणि त्यांना ती तार लागत नव्हती. एक काम वाचलं. चाकं खाली किंचित सपाट घासून बसवली, म्हणजे विमानाला वजन आहे असं वाटतं. प्रोपेलर न चिकटवता नुसता खोचलाय, धूळ पुसताना निघतो.

धुळीबद्दल एवढंच: फुंकर मारू नका, तोंडातले तुषार मॅट वॉर्निशवर डाग पाडतात. मेकअपचा रुंद मऊ ब्रश घ्या आणि तो याच कामाला ठेवा. थेट ऊन येईल अशा जागी विमान ठेवू नका, डिकलचा पारदर्शक भाग पिवळा पडतो. आणि एअरब्रशची सुई शेवटच्या वॉर्निशनंतर त्याच दिवशी बाहेर काढून धुवा. दुसऱ्या दिवशी ती निघत नाही.